टायर बदलल्यावर तीच सायकल?

माउंटन बाइकचे गुट्ट्यांचे जाड टायर काढून गुळगुळीत, थोडे अरुंद टायर चढवले की तीच सायकल डांबरी रस्त्यावर वेगाने पळू लागते. 'तीच सायकल' असे म्हणताना मात्र भारतीय दर्शनांतल्या एका जुन्या वादात पक्ष घेतला जातो. अवयव बदलल्यावर वस्तू तीच राहते का, आणि राहत असेल तर कशाच्या आधारावर?

आधी प्रत्यक्षात काय बदलते ते पाहायला हवे. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. दबण्यात गेलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही उष्णता होऊन जाते. मातीत आणि चिखलात गुट्टे रुतून पकड देतात. डांबरावर रुतायला काही नसते, म्हणून प्रत्येक गुट्टा नुसता वाकतो आणि ऊर्जा खातो. जाड टायरचा रस्त्यावर येणारा घूं-घूं आवाजही या गुट्ट्यांचाच. गुळगुळीत टायर ओल्या रस्त्यावर घसरेल ही भीती बहुतांशी निराधार आहे. सायकलचा वेग आणि टेकणारा भाग दोन्ही इतके कमी असतात, की टायर पाण्यावर तरंगण्याची वेळ येत नाही. डांबरावर पकड देते ते रबर.

अरुंद तितका वेगवान, हा समजही अर्धाच खरा आहे. रचना आणि हवेचा दाब सारखा असेल तर रुंद टायर उलट कमी दबतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर फार बारीक, कडक टायर स्वाराला उसळवतो, आणि त्या उसळीत वेग जातो. २६ इंची चाकाला दीड इंच रुंदीचा गुळगुळीत टायर हा रोजच्या कामासाठी शहाणपणाचा मध्य. त्याचा घेर २.१ इंची टायरपेक्षा काही टक्क्यांनी कमी असतो, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल थोडे कमी अंतर कापते. तरी टायरचा विरोध घटल्यामुळे एकूण फायदाच होतो. पुढचा शॉकअप आणि ताठ बसण्याची ढब तशीच राहते. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरनंतर मुख्य अडथळा हवेचा असतो आणि त्यावर टायरचा इलाज चालत नाही.

आता मूळ प्रश्न. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला त्याच्याच रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? सगळ्या प्रश्नांना राजाला 'नाही' म्हणावे लागते, आणि अवयवांपलीकडेही रथ सापडत नाही. निष्कर्ष असा की रथ हे अवयवांच्या जुळणीवर अवलंबून पडलेले व्यवहाराचे नाव आहे. या मताने टायर बदलल्यावर 'सायकल तीच का' हा प्रश्नच सैल होतो. लोक तीच म्हणतात तोवर ती तीच.

नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांना, हे पटत नाही. अवयवी, म्हणजे अवयवांहून वेगळी अशी अखंड वस्तू, खरोखर असते असे न्यायसूत्रे सांगतात. त्यांच्या युक्तिवादांपैकी एक साधा आणि बळकट आहे: एक भाग धरून ओढला की पूर्ण वस्तू येते. हँडल धरून सायकल उचलली की मागचे चाकही उचलले जाते. नुसत्या ढिगाला हे जमत नाही. पण या मताची किंमतही जबर आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते वस्त्रातला एक धागा निघाला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे, खंडित वस्त्र उत्पन्न होते. हाच नियम लावला तर टायर उतरवताच जुनी सायकल संपली, नवा चढवताच आणखी एक जन्मली. पंक्चरच्या दुकानात दिवसाकाठी इतके जन्ममृत्यू मानणे तर्काला सोसते, व्यवहाराला नाही.

जैन दर्शनाचे उत्तर या ठिकाणी अधिक उपयोगी पडते. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'नुसार जे सत् आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि ध्रुवत्व तिन्ही एकत्र असतात. द्रव्य टिकते, पर्याय म्हणजे त्याच्या अवस्था बदलतात. गुट्ट्यांचा टायर हा एक पर्याय गेला, गुळगुळीत टायर हा दुसरा आला. टिकले काय, हे बोट ठेवून दाखवता येते: रिम आणि फ्रेम. जुन्या २६ इंची माउंटन बाइकच्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर असतो, रोड बाइकच्या ७००सी चाकाचा ६२२. त्यामुळे ७००सीचा टायर कितीही आवडला तरी या रिमवर चढत नाही. टायर किती अरुंद चालेल हे रिमची रुंदी ठरवते, किती रुंद चालेल हे फ्रेममधली जागा. वस्तूचा स्वभाव तिच्या आजच्या रूपात शोधण्यापेक्षा ती कोणती रूपे घेऊ शकते आणि कोणती नाही, यात शोधणे बरे.

डोंगरासाठी बनलेली सायकल शहरात फिरवणे म्हणजे तिचा धर्म मोडणे, हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीतल्या तरुणांनी माउंट टॅमलपायसच्या उतारांवर ज्या सायकली पळवल्या, त्या १९३०-४० च्या दशकांतल्या श्विन कंपनीच्या जुन्या सायकली होत्या. जाड, फुगीर टायरच्या या सायकली गावातल्या रस्त्यांवर फिरण्यासाठी बनलेल्या होत्या. त्यांच्यापैकीच जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम घडवली, तेव्हाही २६ इंची चाक त्याच वंशातून आले. गुळगुळीत टायर चढवणारा या सायकलच्या पूर्वजांचेच काम तिला परत देतो.

व्यवहाराने या वादात आपला कौल दिलेलाच आहे, आणि तो द्रव्याच्या बाजूने आहे. सायकल चोरीला गेली तर ओळख म्हणून कामी येतो तो फ्रेमवर ठोकलेला क्रमांक. टायर कोणते होते हे फार तर वर्णनात लिहिले जाते.