आकृतीखालचा इशारा

ऑगस्ट 1970 मध्ये विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या संगणक प्रणाली कशा उभाराव्यात यावर एक शोधनिबंध मांडला. त्यात एक आकृती होती. आधी गरजा, मग विश्लेषण, रचना, कोडिंग, चाचणी आणि शेवटी प्रत्यक्ष वापर, अशी पायरीपायरीने उतरणारी. हीच पुढे ‘वॉटरफॉल’ म्हणून शिकवली गेली. पण चाचणी इतक्या उशिरा येते, तेव्हा सापडलेला दोष थेट मूळ गरजांपर्यंत मागे नेऊ शकतो, म्हणून ही वाट जोखमीची आहे, हा इशारा रॉइस यांनी तिथेच दिला होता. प्रणाली नवी असेल तर आधी छोटी बांधून शिका, मग खरी बांधा, असं ते सांगत होते.

इशारा मागे पडला आणि आकृती टिकली, कारण ती पैसे देणाऱ्यांच्या सोयीची होती असं मला वाटतं. टप्पा संपला, सही झाली, बिल निघालं. काम किती झालं हे दाखवता येतं. काय कळलं हे दाखवता येत नाही.

उदाहरणार्थ, अमेरिकेच्या एफबीआयने तपासाच्या नोंदींसाठी ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही संगणक प्रणाली हाती घेतली. गरजांचा दस्तऐवज आठशे पानांवर गेला. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर एफबीआयचं कामच बदललं होतं, मागण्या बदलत राहिल्या आणि 2005 मध्ये, सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून, प्रकल्प सोडून द्यावा लागला. दोष एकट्या पद्धतीचा नव्हता. व्यवस्थापनही विस्कटलेलं होतं. तरी एवढी पानं भरूनही नेमकं काय हवं ते हाती लागलं नाही, हे मला फार गंभीर वाटतं. रोजचं काम करणाऱ्या माणसालाही आपली गरज आधी पूर्ण सांगता येत नाही. पडद्यावर काहीतरी दिसलं की तो म्हणतो, ‘असं नाही, तसं हवं.’ हे म्हणणं कामात आलेला अडथळा नव्हे, तीच खरी माहिती असते. सही घेऊन आपण तिचा रस्ता बंद करतो.

म्हणून लिहून ठेवणंच सोडावं, या मताचा मी नाही. रॉइस स्वतः दस्तऐवजांबद्दल अतिशय आग्रही होते. त्याच निबंधात त्यांनी आणखी एक अट घातली होती: प्रणाली हाती सोपवण्याच्या कितीतरी आधीपासून ग्राहकाला कामात बांधून घ्या.