आपलेच दुःख पडद्यावर पाहताना

करुण कलाकृती पाहून आनंद का होतो, हा भारतीय काव्यशास्त्रातला जुना आणि पुष्कळ चघळला गेलेला प्रश्न आहे. त्याच्या पोटातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. ज्याचे दुःख दाखवले जात आहे तोच प्रेक्षकांत बसलेला असेल, तर त्याला रसास्वाद घेता येतो का, आणि त्याने तो घ्यावा का? विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवर चित्रपट निघू लागल्यापासून यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकापुरता उरलेला नाही.

महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. पुढच्या काळात जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यात अशा बातम्या येतच राहिल्या. 2006 मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होता. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ 2009 मध्ये रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. त्यातल्या अलकाला धास्ती आहे की शेजाऱ्याने केले तेच आपला नवराही करील. म्हणून ती मुलाला बापाच्या मागावर ठेवते आणि नवऱ्याचे मन रमावे म्हणून घरात गोडधोड रांधते. मिखा पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ हा 2011 चा माहितीपट तर याच जिल्ह्यातल्या तेलंगटाकळी गावात चित्रित झाला. स्वतंत्र चित्रपटामागे मोठा वितरक नसतो. त्यामुळे त्याचा पहिला खेळ बहुधा एखाद्या महोत्सवात होतो आणि ज्यांची ती कथा आहे त्यांच्यापर्यंत तो उशिरा, कधी कधी मित्रमंडळींच्या खटपटीनेच पोहोचतो. दूरचा प्रेक्षक आणि जवळचा प्रेक्षक यांतला फरक इथूनच सुरू होतो.

शास्त्राचा कौल वरवर पाहता दूरच्याच्या बाजूने आहे. भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाच्या सिद्धान्तानुसार रंगमंचावरचा शोक कोणा एकाचा राहत नाही. व्यक्ती, स्थळ आणि काळ यांच्या खुणा गळून पडतात, तेव्हाच त्याचा आस्वाद घेता येतो. इसवी सनाच्या हजाराच्या आसपास काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसास्वादाची सात विघ्ने सांगितली. ‘हे माझे’ किंवा ‘हे त्याचे’ असे मानून विशिष्ट स्थळकाळात अडकणे हे त्यांतले एक, आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे. कर्जाच्या वहीसमोर बाप बसलेला ज्याने घरी पाहिला आहे, त्याच्या वाट्याला ही दोन्ही विघ्ने एकदमच येतात. मग रॉटरडॅमचा प्रेक्षक सहृदय आणि यवतमाळचा अपात्र, असे म्हणायचे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि परंपरेलाही ते पुरते मान्य नाही.

बाराव्या शतकात गुजरातमधील रामचंद्र आणि गुणचंद्र या जैन आचार्यांनी ‘नाट्यदर्पणा’त स्पष्टच सांगितले की सगळे रस सुखरूप नसतात. करुण हा दुःखरूपच असतो. प्रेक्षकाला जो चमत्कार वाटतो तो कवीच्या आणि नटाच्या कौशल्याचा. हे मत पोथ्यांत मागे पडले, तरी जवळच्या प्रेक्षकाच्या अनुभवाशी ते अधिक प्रामाणिक आहे. त्याला दुःख होते आणि ते दुःखच असते. त्याचवेळी आपल्या वऱ्हाडी बोलीतले वाक्य नेमके कसे टिपले आहे, हेही त्याच्या लक्षात येते.

याहून खोल उत्तर विदर्भाच्याच कवीने दिले आहे. आठव्या शतकातला भवभूती पद्मपूरचा. हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातले, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले आहे. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात गंगेच्या काठी वाल्मीकींच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होतो. विषय आहे सीतेचा त्याग, आणि प्रेक्षकांत खुद्द राम बसलेला आहे. ज्यांच्या अपवादामुळे सीता वनात गेली ते नगरजनही तिथेच आहेत. एकटी, प्रसववेदनांनी व्याकूळ सीता गंगेत उडी घेणार असे दिसताच राम तिला थांबवू पाहतो. शेजारचा लक्ष्मण त्याला आठवण करून देतो की हे नाटक आहे. पुढे पृथ्वी सीतेला घेऊन जाते आणि राम बेशुद्ध पडतो. तेव्हा हाच लक्ष्मण थेट वाल्मीकींना हाक मारून विचारतो की तुमच्या काव्याचा अर्थ हाच का.

शास्त्रग्रंथांत न सापडणारा लक्ष्मण इथे नाटकात सापडतो, आणि सोबतीने खेळ पाहण्याचा सगळा विचार त्याच्या या दोन कृतींत आहे. पहिल्या कृतीने तो शोकग्रस्ताला आधार देतो, त्याच्यात आणि दृश्यात थोडे अंतर निर्माण करतो. परक्याला जे अंतर भूगोलामुळे आयते मिळते ते जवळच्याला शेजारी बसलेल्या माणसाकडून मिळू शकते. दुसऱ्या कृतीने तो रचनाकाराला जाब विचारतो. राम स्वतः तो विचारू शकत नाही, कारण तो शुद्धीवरच नाही. जवळच्यांसाठीच्या पहिल्या खेळाला दिग्दर्शक सभागृहात हजर असेल, तर हा प्रश्न त्याच दिवशी विचारता येतो. आमचे दुःख कशासाठी मांडलेत, कोणासाठी, यातून पुढे काय, हे विचारणे म्हणजे रसभंग नव्हे. भवभूतीच्या नाटकात त्या प्रश्नानंतरच खरी सीता अरुंधतीसह पुढे येते, अरुंधती नगरजनांना विचारते, आणि ते सीतेपुढे नमतात.

अभिनवगुप्तालाही समूहाचे महत्त्व ठाऊक होते. ‘तंत्रालोका’च्या अठ्ठाविसाव्या आह्निकात तो म्हणतो की देहभेदाने आकुंचित झालेली संविद, म्हणजे जाणीव, माणसे एकत्र जमल्यावर एकमेकांत प्रतिबिंबित होऊन विस्तारते. गीतनृत्याच्या मेळ्यात सारे तन्मय झाले की आनंद वाढतो. एखादा अलिप्त राहिला तर तो खुपतो. हा विचार सात विघ्नांच्या शेजारी ठेवला तर असे म्हणता येते की ‘माझे’ हा अडसर दूरत्वाने दूर होतो तसा सहवासानेही होतो. चार मित्र एका रांगेत बसून आपापल्या घरचा प्रसंग एकाच दृश्यात ओळखतात, तेव्हा तो प्रसंग कोणा एकाच्या घरचा उरत नाही. न. चिं. केळकरांनी 1921 च्या बडोदे साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. रसिक दुसऱ्याशी एकरूप होतो आणि स्वतःलाही विसरत नाही, असे ते म्हणाले. पण इथे दुसरा आणि आपण एकच आहोत, आणि ही स्थिती त्यांच्या विवेचनाच्या कक्षेबाहेर राहते.

सोबतीलाही मर्यादा आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात इंद्रध्वजाच्या उत्सवात झालेल्या पहिल्या प्रयोगात दैत्यांचा पराभव दाखवला जातो आणि प्रेक्षकांतले दैत्य संतापून नटांची वाणी व हालचाल थिजवून टाकतात. ब्रह्मदेव त्यांची समजूत घालतो की नाट्य ना एकट्या देवांचे, ना एकट्या दैत्यांचे. त्यात तिन्ही लोकांचे भाव आहेत. ही समजूत पटायची असेल तर दाखवले गेलेल्यांना निर्मितीतही जागा हवी. श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांनीच भूमिका केल्या. राजूरच्या वैशाली येडे त्यांतल्या एक. 11 जानेवारी 2019 रोजी यवतमाळच्या 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. नटाला अभिनवगुप्ताने केवळ आस्वादाचे साधन मानले होते. या स्त्रियांच्या बाबतीत ते मत टिकत नाही, कारण रंगमंचावरचा शोक त्यांनी आधी घरात भोगलेला आहे.