भुतास हसावे, जखमेस नव्हे

रक्तपाताची भेसूर दृश्ये दाखवून हसविणारे बोलपट ख्रिस्ती मनुष्याने पाहावे काय? १९९३ सालच्या 'झपाटलेला' या बोलपटात एका दुष्टाचा आत्मा बाहुल्यात शिरला. २०२२ सालच्या 'झोंबिवली'त डोंबिवलीची माणसे चावरी प्रेते बनली. आणि लोक हसले. या हसण्यात आम्हांस एक गुण दिसतो. ज्या भुताखेतांच्या धाकाने आमच्या वाडवडिलांनी कोंबडी-बकरी कापली, गंडेदोरे बांधले, त्यांची थट्टा करता येणे ही भयापासून सुटकाच होय.

परंतु त्याच १९९३ साली, ३० सप्टेंबरच्या पहाटे, आमच्या मुरुडाच्याच लातूर जिल्ह्यात किल्लारीस धरणी हादरली व त्या भागातील हजारो माणसे ढिगाऱ्यांखाली मेली. ज्यांनी तेथे प्रेते उचलली, त्यांस फुटलेले मस्तक विनोदाचे वाटेल काय? रंगाचे रक्त पाहून हसणे पाप नव्हे; परंतु त्या सवयीने खऱ्या रक्ताविषयी मन निबर झाले, तर यरीहोच्या वाटेवर बाजूने निघून गेलेल्या याजकात व आपल्यांत भेद तो काय? यास्तव, प्रियजनहो, बोलपट पाहून परतल्यावर प्रत्येकाने आपली परीक्षा करावी: शेजाऱ्याची जखम बांधावयास आपला हात पूर्वीसारखाच पुढे होतो ना?