प्रायश्चित्त आणि पूर्वस्थिती

झालेली गोष्ट न झालेली करण्याचे सामर्थ्य ईश्वराच्या ठायी आहे की नाही, हा प्रश्न युरोपातील धर्मचिंतकांनी मोठ्या गांभीर्याने चर्चिलेला आहे. देवालाही एवढी एकच गोष्ट अशक्य आहे, हे अगाथॉन या ग्रीक नाटककाराचे मत ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात संमतिपूर्वक उद्धृत केले. पुढे अकराव्या शतकात पीटर डेमियन या इटालियन संन्याशाने, ईश्वराच्या सर्वशक्तिमत्तेस असे उणेपण लागावे हे न साहून, माँटे कॅसिनोच्या मठाधिपतीस त्या विषयावर एक दीर्घ पत्रच लिहून धाडले. आपल्याकडे हा प्रश्न ईश्वराच्या सामर्थ्याचा म्हणून फारसा कोणी काढला नाही. तो कर्माच्या स्वभावाचा म्हणून काढला गेला, आणि माझ्या मते तसा काढणेच अधिक सयुक्तिक होय.

हल्ली या प्रश्नाशी ज्यांची प्रत्यक्ष गाठ पडते ते धर्मशास्त्री नव्हेत, तर संगणकीय दप्तरे सांभाळणारी मंडळी होत. एखाद्या सर्व्हरवरील डेटाबेस बिघडला, कोणी अनवधानाने चुकीची आज्ञा देऊन त्यातील मजकूर पुसला, किंवा डिस्कच्या दोषाने पानेच्या पाने निरर्थक झाली, म्हणजे बॅकअपवरून तो ‘रिस्टोअर’ करतात, आणि जे घडले ते जणू घडलेच नाही अशा थाटात कचेरीचा व्यवहार दुसऱ्या दिवशी सुरू होतो. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की अगाथॉन खोटा ठरला. परंतु ही क्रिया आतून कशी चालते हे पाहिले असता त्याचे वचन खोटे न ठरता उलट अधिक दृढ होते, असे मला दिसते.

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. व्यवहार घडला की तो घडल्या क्रमाने प्रथम रोजकीर्दीत लिहावयाचा, आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती चढवावयाचा, असा शिरस्ता होता. डेटाबेसचीही अंतर्रचना हुबेहूब अशीच आहे. पोस्टग्रेस नावाचा जो डेटाबेस जगभर वापरात आहे, त्यात कोणताही फेरफार मूळ पानांवर उतरण्यापूर्वी एका लॉगमध्ये नोंदला जातो, आणि ती नोंद डिस्कवर पक्की झाल्यावाचून व्यवहार पुरा झाला असे मानले जात नाही. आपण ज्याला ‘डेटा’ म्हणतो ती खतावणी. खरा प्रमाणग्रंथ रोजकीर्दच. म्हणून खतावणी जळाली तरी तिची एखादी जुनी नक्कल आणि त्या नकलेनंतरची अखंड रोजकीर्द हाती असेल, तर कुशल माणूस ती नक्कल पुढे ठेवतो आणि तिच्यावर एकेक नोंद पुन्हा चढवीत सर्वनाशाच्या क्षणाच्या अगदी अलीकडे येऊन पोहोचतो. तो मागे जात नाही, तर मागून पुढे येतो. आणि ज्या वाटेने पुढे येतो ती केवळ कृतींची वाट असते. वस्तूची स्थिती म्हणजे पूर्वीची एक स्थिती अधिक त्यानंतरची सर्व कर्मे, याहून निराळे तिच्यात काही नाही, हा सिद्धान्त येथे काव्य न राहता कार्यपद्धती होऊन बसला आहे. यज्ञ तर काही घटकांत संपतो आणि स्वर्ग देहपातानंतर मिळावयाचा, मग मधल्या काळात यज्ञाचे फल कोठे असते, या अडचणीतून मीमांसकांनी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती कल्पिली. ती वाचताना पूर्वी मला पांडित्याची ओढाताण वाटे, आता तितकीशी वाटत नाही.

अवघड प्रश्न यापुढेच उभा राहतो. रोजकीर्दीतील नोंदी पुन्हा चढवीत येताना थांबावयाचे कोठे? २००५ साली निघालेल्या ८.० या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये हा क्षण मुकर्रर करता येतो: अमुक तारीख, अमुक वाजून इतकी मिनिटे, तेथवर पुनरावृत्ती करावी, पुढे नव्हे. समजा दुपारी दोन वाजता कोणाच्या हातून एका तक्त्याचा नाश झाला आणि तो पाचास ध्यानात आला. दोनच्या अलीकडे थांबलो तर प्रमाद गळतो, पण मधल्या तीन तासांत इतर शेकडो माणसांनी सरळ मनाने केलेली कामेही त्याच्याबरोबर गळतात. एकाचे पाप धुण्यासाठी दहांचे पुण्य ओतून द्यावे काय, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही. तो त्या खोलीत बसलेल्या, बहुधा झोप मोडलेल्या माणसालाच सोडवावा लागतो. आणि लक्षणीय गोष्ट ही की, एवढे करूनही डेटाबेस स्वतः खोटे बोलत नाही. मधल्या क्षणी थांबून तो पुन्हा खुला केला की तेथून नवी कालरेषा सुरू होते, तिला नवा क्रमांक मिळतो, आणि ती कोणत्या रेषेपासून, कोठे व कशामुळे फुटली याची नोंद असलेली एक लहानशी इतिहास-फाईल लिहिली जाते. टाकून दिलेली रेषा पुसली जात नाही. ती केवळ पुढे चालवली जात नाही.

बॅकअप तरी निर्दोष असतोच असे नाही. बिघाड मुकाट्याने शिरलेला असेल तर त्याचीही इमानेइतबारे नक्कल होते, आणि ज्या प्रतीकडे आपण शुद्ध पूर्वावस्था म्हणून पाहतो ती स्वतःच डागाळलेली निघते. पानापानावर बेरजेचा पडताळा ठेवण्याची सोय यासाठीच झाली. तरी ती कित्येक ठिकाणी चालू केलेली नसते, हा मानवी स्वभाव.

१९९२ साली आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांचे चार सहकारी यांनी ‘एरीज’ या नावाने जी पुनःस्थापनेची रीत प्रसिद्ध केली, ती तर मला धर्मशास्त्राच्या पंक्तीस बसविण्यासारखी वाटते. सर्व्हर मध्येच कोसळून पुन्हा उठला म्हणजे अपुरे राहिलेले व्यवहार गाळून बाकीचे तेवढे चढवावेत, असे कोणासही सुचेल. ही रीत तसे करीत नाही. ती प्रथम इतिहासाची यथातथ्य आवृत्ती करते, फसलेल्या व्यवहारांसकट. कोसळण्याच्या क्षणी जे होते ते सर्व, बरे-वाईट, जसेच्या तसे उभे करते. आणि मगच फसलेली कर्मे एकेक करून उलटवते. शिवाय प्रत्येक उलटवणे हीही एक स्वतंत्र कृती म्हणून त्याच रोजकीर्दीत भरपाईची नोंद होऊन बसते. निरसन म्हणजे खाडाखोड नव्हे, नवे कर्म, हे याहून स्वच्छ कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

आता प्रायश्चित्ताकडे वळू. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय मुख्यत्वे याच विषयाचा, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात या विषयाचा अफाट ऊहापोह आहे. याज्ञवल्क्य म्हणतो की अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेले असेल तर मात्र कर्ता वचनबलाने व्यवहार्य होतो, म्हणजे लोकांनी त्याच्याशी देवघेव ठेवण्यास हरकत उरत नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानेही हा भेद चर्चिला आहे. आधुनिक वाचकास तो कदाचित पळवाटीसारखा वाटेल. मला तो शास्त्रकारांच्या प्रामाणिकपणाचा पुरावा वाटतो. पाप नाहीसे झाले, असे म्हणणे सोपे होते. त्यांनी तसे न म्हणता, समाजाने या माणसास पुन्हा घरात घेण्यापुरता निवाडा दिला, आणि बाकीची बाब खुली ठेवली. ज्ञानाग्नीने सर्व कर्मे भस्म होतात असे मानणारा वेदान्तीही प्रारब्ध भोगूनच संपते असे म्हणतो, म्हणजे त्यालाही एक शिल्लक बाजूला काढावीच लागली.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या सेवेच्या मुख्य डेटाबेसची फाईली असलेली निर्देशिका एका थकलेल्या अभियंत्याने, आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत अशा समजुतीने, पुसून टाकली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले. बॅकअपच्या अनेक तजविजी कागदोपत्री होत्या. रोजचा बॅकअप चुकीच्या आवृत्तीच्या साधनामुळे निघतच नव्हता, आणि तो निघत नसल्याची तक्रार सर्व्हर ईमेलने करीत होता, पण त्या ईमेलाच पोहोचत नव्हत्या. तारले ते सुमारे सहा तास आधी, भलत्याच कामासाठी, कोणी हाताने काढून ठेवलेल्या एका प्रतीने. ती चढविण्यास १८ तासांच्या आसपास लागले, आणि हे काम त्या मंडळींनी झाकून न ठेवता यूट्यूबवरून जगासमोर केले. सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवे सभासद मात्र परत आले नाहीत.

याज्ञवल्क्याच्या भाषेत गिटलॅब व्यवहार्य झाले. पण ज्यांनी त्या सहा तासांत काही लिहिले होते त्यांचे लिहिणे तर घडलेच होते. दप्तरात ते नाही एवढेच. म्हणून जेथे जेथे मागल्या क्षणी थांबून नवी कालरेषा सुरू करण्याचा प्रसंग येतो, तेथे सोडून दिलेल्या रेषेचे लॉग शक्य तर बाजूला ठेवावेत, इतर फाईलींच्या मुदतीने ते खलास करू नयेत, आणि त्यांतून कोणाकोणाच्या नोंदी सुटल्या याची यादी करून त्या त्या माणसास तसे कळवावे, असे माझे मत आहे. यात डिस्कचा खर्च थोडा वाढतो, आणि ज्यांना ठाऊकही नव्हते अशा चार माणसांची बोलणी खावी लागतात.