आईचं ऐकायचं कोणी?

वुडलँड्सच्या आमच्या बाराव्या मजल्यावरून जोहोरची सामुद्रधुनी दिसते. पहाटेपासून कॉजवेवर पलीकडून कामाला येणाऱ्यांची रांग लागते. संध्याकाळी ते परत जातात. मी परत जात नाही, रोज रात्री साडेआठला आईला फोन करते. सावंतवाडीत तेव्हा सहा वाजलेले असतात.

बाबा गेल्यावर वर्षभर या फोनवर एकच संवाद होता. "कशी आहेस?" "माका काय्येक होवक नाय." अंगणातली अबोली वाळली, आईचं भजनाला जाणं थांबलं, हे मला मावशीकडून कळलं. मी पैसे पाठवले, डॉक्टर शोधले, तिकीट काढते म्हणाले. आई हलली नाही. शेवटी मावशीनं एका मुलीला घरी आणलं. पंचविशीची पोर, डॉक्टर नाही की मानसशास्त्रज्ञ नाही, समुपदेशनाचं काही महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली. मला राग आला. माझ्या आईच्या दुःखावर हिनं शिकायचं?

माझं संशोधन बॅटऱ्यांवरचं, पण शोधनिबंधातले आकडे वाचता येतात. म्हणून शोधलं, तर उत्तर आमच्या शेजारी गोव्यातच सापडलं. तिथल्या संगाथ या संस्थेशी संबंधित विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. ती २०१७ साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आली. बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याच्या जोडीला प्रशिक्षित सामान्य माणसांच्या सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्यातले ६४ टक्के.

या भेटींत गूढ काही नव्हतं. मन बरं झालं की माणूस कामाला लागतो, असं आपण समजतो. इथे क्रम उलटा. आधी एखादं छोटं, आवडीचं काम ठरवायचं, ते करायचं, मन मागून येतं. आईच्या बाबतीत ते काम म्हणजे अबोलीला पाणी घालणं.

आई हळूहळू सावरू लागली. तेव्हा मी त्या मुलीला फोन केला. "आई काय बोलते तुझ्याशी?" ती म्हणाली, "ताई, ते मी नाही सांगू शकत. काकूंना वाटलं तर त्याच सांगतील."

खरं सांगायचं तर मला मत्सर वाटला. आणि एक प्रश्न मागे लागला. ऐकून घेणं जर शिकता येतं, तर ते मी का नाही केलं? आईचं मन परक्या मुलीपुढे मोकळं झालं, हा माझ्या कर्तव्यातला कसूर नाही का?

बरेच दिवस वाटत होतं, आहे. आता तसं वाटत नाही, निदान पूर्ण नाही. आई "थकले" म्हणाली की मला "परत ये" ऐकू येतं. मग मी लगेच उपाय सांगू लागते, कारण ते ऐकणं मला झेपत नाही. आईला हे कळतं, म्हणून ती मला सांभाळते. त्या मुलीला सांभाळायची गरज नव्हती. शिवाय नुसती माया पुरत नाही. गोव्यातले समुपदेशक आपल्या भेटींची ध्वनिमुद्रणं एकत्र बसून ऐकत, एकमेकांच्या चुका काढत. आपण मुलं असं कधी करतो?

पण परक्यावर सोपवून मोकळं होण्याची सोयही या आकड्यांत नाही. त्या ६४ टक्क्यांच्या बाहेर शंभरातले ३६ उरतातच. आणि आठ भेटी संपल्या की समुपदेशक निघून जातो. रोजचा फोन माझाच राहतो. त्या फोनवर मला समुपदेशक व्हायचं नाही. उपाय हातात नसताना थांबता आलं पाहिजे, एवढंच. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जड जातं, कारण पैसे आणि तिकीट ही आपली हातची उत्तरं.

गेल्या आठवड्यात आई म्हणाली, "आज बरा वाटणा नाय." वर्षभरात पहिल्यांदाच ती हे मला म्हणाली. डॉक्टरांचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "बोल." बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही फोन ठेवला नाही.