दान आणि देणे

सुईच्या नेढ्याचा आणि उंटाचा दृष्टान्त ऐकला की धनिकांविषयीचा निवाडा आपण घाईने उरकतो. (आपण स्वतः धनिक नसल्यामुळे तो सोपाही जातो.) परंतु धन जोडणाऱ्याने दानशूर असावे की न्यायी, हा प्रश्न त्याने सुटत नाही. पोलंडचे इग्नासी वुकाशेविच यांचे चरित्र वाचताना तो मला वारंवार अडवतो.

वुकाशेविच १८२२ साली गालिसियात, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील पोलिश मुलखात, जन्मले. घरची ओढगस्त, म्हणून औषधालयात उमेदवारी. स्वातंत्र्याच्या कटात भाग घेतल्यामुळे १८४६ मध्ये तुरुंगवास घडला. पुढे ल्वूफ (आजचे युक्रेनमधील ल्विव) येथील औषधालयात सहकारी यान झेह यांच्यासह त्यांनी जमिनीतून झिरपणाऱ्या खनिज तेलाचे ऊर्ध्वपातन करून स्वच्छ जळणारे तेल मिळवले. आपल्या आजीच्या चिमणीतले घासलेट ते हेच. ३१ जुलै १८५३ च्या रात्री तेथील इस्पितळात या तेलाच्या दिव्याच्या उजेडात एका रुग्णावर तातडीची शस्त्रक्रिया झाली. १८५४ मध्ये क्रोस्नोजवळच्या बोब्रका गावी त्यांनी भागीदारांसह तेलाची खाण सुरू केली. अमेरिकेतील ड्रेकची प्रसिद्ध विहीर त्यानंतर पाच वर्षांची. झेह यांचे नशीब निराळे. १८५८ मध्ये त्यांच्या दुकानाला आग लागून पत्नी व मेहुणी दोघी दगावल्या, आणि त्यांनी हा व्यवसाय सोडला.

बोब्रक्याच्या पहिल्या विहिरी हातांनी खणलेल्या होत्या. १८६० ची ‘फ्रानेक’ नावाची विहीर आजही तेथील संग्रहालयात पाहायला मिळते. तिची खोली ५० मीटर. एवढ्या खोल, कोंदट, ज्वालाग्राही वायूने भरलेल्या अंधारात दुसऱ्याच्या नफ्यासाठी माणूस उतरतो, तेव्हा मालकाने त्याला मजुरी दिली की हिशेब मिटतो काय?

वुकाशेविच यांना तो मिटलेला वाटला नाही. १८६६ मध्ये त्यांनी कामगारांसाठी बंधुनिधी उभारला. मजुरीतला थोडा भाग प्रत्येकाने त्यात टाकायचा, आणि आजारपण, अपघात, म्हातारपण यांत त्यातून हक्काने घ्यायचे. जर्मनीतील बिस्मार्कचा आजारविमा कायदा १८८३ चा, आणि पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोवारुम’ १८९१ चे. वुकाशेविच तर ७ जानेवारी १८८२ रोजीच निवर्तले होते.

त्यांनी रस्ते बांधले, शाळांना हातभार लावला, भागीदार क्लोबासा यांच्यासह झ्रेंचिन येथे चर्च उभारण्यास साहाय्य केले. १८७३ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांचा गौरव केला. हे सारे स्तुत्यच. तरीही मला तो निधी या सर्वांहून मोठा वाटतो. कुणी म्हणेल, कामगाराच्याच मजुरीतून कापून घेण्यात औदार्य कसले? माझ्या मते त्यातच मर्म आहे. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. स्वतःच्या वाट्यातून साठलेले घेताना ती ताठ राहते. शिवाय मालकाचे मन उद्या बदलले, तरी लिहून ठेवलेला नियम सहजासहजी बदलत नाही.

एक शंका मात्र उरते. लोक त्यांना प्रेमाने ‘बाबा इग्नासी’ म्हणत. बाप म्हटले की माया आली, तसा धाकही आला. ज्याला बाप मानले त्याच्याकडे वाढीव मजुरी कोण मागणार? याचे उत्तर मला त्यांच्या चरित्रात सापडले नाही.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी गेल्या नाताळाआधी पाच दिवस तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्यासाठी साडी आम्ही आधीच आणून ठेवली होती, आणि ती देताना आम्हां दोघांनाही बरे वाटले. त्या पाच दिवसांचे पैसे द्यायचे की कापायचे, यावर मात्र घरात दोन संध्याकाळी वाद झाला. मावशींना त्यात कुणी काही विचारले नाही.