पाच कोऱ्या रात्री

भिवंडीत एक यंत्रमाग कारखानदार होता. २६ जुलै २००५ च्या पुरात त्याच्या वडिलांच्या खातेवह्यांचा भिजून लगदा झाला. कुणाकडून किती येणं, तेही कळेना. तेव्हापासून त्यानं ठरवलं, हिशेब एकाच जागी ठेवायचा नाही.

पुढे कारखान्यात संगणक आला. रोज रात्री दप्तराची नक्कल नेटवर्कवरून काल्हेरच्या गोदामातल्या संगणकात जाऊ लागली. रविवारी सगळं दप्तर जाई, इतर दिवशी फक्त नवं आणि बदललेलं. सकाळी पडद्यावर हिरवी अक्षरं दिसत : बॅकअप पूर्ण. ती वाचून मालक चहा घेई.

एका शनिवारी कारखान्यातली हार्ड डिस्क उडाली. मालक घाबरला नाही. शिकाऊ पोराला म्हणाला, "जा, गोदामातून परत आण."

पोरानं रविवारची नक्कल उतरवली. मग सोमवारची उघडली. कोरी. मंगळवारची कोरी. शुक्रवारपर्यंत पाचही कोऱ्या.

"यंत्र खोटं बोललं!" मालक ओरडला.

पोरगा खाली मान घालून मागाजवळ जाऊन बसला. म्हातारा कारागीर कापडावर हात फिरवत होता.

"चाचा, माग तर नीट चालू आहे. मग हात कशाला फिरवता?"

"बाण्याचा धागा तुटला की हा आपला आपण थांबतो, बेटा. ताण्याचा तुटला तर थांबत नाही. कापड निघत राहतं आणि त्यात लांबच लांब रेघ पडते. ती आवाजावरून कळत नाही."

पोरगा उठला. गोदामातल्या संगणकावर हिरव्या अक्षरांखालची नोंद त्यानं पहिल्यांदा उघडली. पाचही रात्री तेच : तपासलेल्या फायली हजारो, घेतलेल्या शून्य. मग त्यानं नवी डिस्क घालून कारखान्यातला संगणक सुरू केला. पडद्यावर तारीख आली १ जानेवारी २०१०.

संगणकाच्या आत घड्याळासाठी नाण्याएवढा सेल असतो, तो संपला होता. सोमवारी वीज गेली आणि घड्याळ मागे गेलं. बिलावरची तारीख दिवाणजी हातानं टाकत, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. गोदामातला संगणक मात्र रोज विचारत होता, रविवारनंतर काय बदललं? फायलींवरच्या तारखेनं सगळंच जुनं. त्यानं काही घेतलं नाही आणि काम पूर्ण झालं म्हणून सांगितलं.

चलनं शोधून दिवाणजींनी पाच दिवसांची बिलं पुन्हा लिहिली. पोरानं सेल बदलला, दोन्ही घड्याळं जुळवली आणि त्याच रात्री पूर्ण नक्कल घेतली.

आता दर शनिवारी तो त्या आठवड्यातलं एक बिल गोदामातून परत आणतो आणि छापून दिवाणजींपुढे ठेवतो. दिवाणजी ते चलनाशी ताडतात, तागा न् तागा, मीटर न् मीटर. मालक हिरवी अक्षरं वाचत नाही. तो विचारतो, "बिल आलं का?"

तुमचंही दप्तर असं कुठे दूर जपून ठेवलेलं असेल, तर त्यातलं एक पान आजच परत मागवून बघा.